बूट होताना कर्नल कुरकुरतो तेव्हा: एका इशाऱ्याचा माग मुळापर्यंत

बोर्डाला वीज दिली, सिरियल कन्सोलवर ओळी धावल्या, लॉगिनची ओळ आली, हिरवा दिवा लुकलुकला. सगळे आलबेल. पण मधेच कुठेतरी चार ओळी एकसारख्या सरकून गेल्या:

जीपीआयओ जीपीआयओचिप०: स्टॅटिक ॲलोकेशन ऑफ जीपीआयओ बेस इज डेप्रिकेटेड, यूज डायनॅमिक ॲलोकेशन.

लिनक्स कर्नलच्या कामात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला मी हीच ओळ हातात देतो. जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरने हव्या तशा वापरता येणाऱ्या चिपच्या पिना; त्यांच्या क्रमांकांची सुरुवात, म्हणजे बेस, ड्रायव्हरने स्वतः खिळवू नये, कर्नलला देऊ द्यावी, असे ती म्हणते. दिसायला सोपी आहे. काय करायचे ते तिच्यातच लिहिलेले आहे, आणि ड्रायव्हरमधला बदलही एका ओळीचा आहे. तरीही हीच एक ओळ बदलल्यावर २०२३ साली काही जुन्या बोर्डांचा कोड बिघडला होता. इशारा एका फाइलीतून येतो, दुखणे दुसऱ्याच फाइलीत असते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे होऊ द्यायचे नसेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा. तोच इथे सांगतो.

एक सोय आधीच सांगून ठेवतो: आज्ञा, फाइली आणि फंक्शन यांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टंकायची.

'डेप्रिकेटेड' म्हणजे नेमके काय

डेप्रिकेटेड गोष्ट मोडलेली नसते. आज ती चालते, उद्याची हमी कोणी देत नाही, एवढाच अर्थ. कर्नलमध्ये पूर्वी अशा जुन्या फंक्शनांवर एक खूण लावत आणि कंपाइल करताना त्यांचे इशारे येत. २०१८ साली लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्सने ते इशारेच बंद करून टाकले. कारण साधे होते: सगळे ते पाहत होते, दुरुस्त कोणी करत नव्हते, आणि त्या गर्दीत खरे इशारे हरवत होते. म्हणून आज जुनेपणाची सूचना बऱ्याचदा कंपाइल करताना न मिळता थेट बूट होताना मिळते, तीही ज्याच्या यंत्रावर तो जुना कोड खरोखर चालतो त्यालाच.

इशाऱ्यात तारीख असली तरी तिच्यावर फार विसंबू नका. जुन्या पद्धतीची इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारी तात्पुरती डिस्क इमेज) वापरली की कर्नल सांगायचा, 'हे २०२१ मध्ये काढले जाईल'. २०२१ उलटून गेले आणि पुढे कित्येक वर्षे तो कोड जागच्या जागी राहिला. उलट रायझरएफएस या फाइल सिस्टिमचे पाहा. २०२२ मध्ये तिच्यावर डेप्रिकेटेडचा शिक्का बसला, इशाऱ्यात २०२५ लिहिले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या कर्नल ६.१३ मध्ये ती खरोखर नव्हती. एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या जुन्या व्ही४ मांडणीचा इशारा सप्टेंबर २०३० सांगतो. तो कोणत्या वाटेने जाईल ते तेव्हा कळेलच. पण असे डिस्क-स्वरूप बदलायचे तर माहिती दुसरीकडे हलवून नवी फाइल सिस्टिम करावी लागते, म्हणून तिथे आळस महागात पडतो.

पहिली पायरी: सरावाची जागा

हातात बीगलबोन ब्लॅक किंवा आय.एमएक्स६ चा बोर्ड असेल तर उत्तम. नसेल तरी अडत नाही. कर्नलमध्ये जीपीआयओ-मॉकअप नावाचा खोटा ड्रायव्हर आहे. तो नसलेल्या हार्डवेअरच्या पिना तयार करतो. ६.६ किंवा ६.१२ या दीर्घ मुदतीच्या कर्नलचा सोर्स घ्या, कॉन्फिगमध्ये हा ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता आतच बांधा, आणि कर्नलच्या कमांड लाइनला हे जोडा:

जीपीआयओ_मॉकअप.जीपीआयओ_मॉकअप_रेंजेस=४०,४८

अर्थ असा की ४० पासून ४८ च्या आधीपर्यंत, म्हणजे आठ पिना, आणि त्यांचा पहिला क्रमांक ४० वर खिळवलेला. क्यूएमू या आभासी यंत्रात बूट केले की वरचा इशारा हजर. आता त्याच जागी -१,८ लिहा: 'क्रमांक तूच दे, पिना आठ'. इशारा गायब. आजार आणि औषध दोन्ही पाच मिनिटांत, सोल्डरिंगचा एक थेंबही न सांडता. गंमत म्हणजे हा मॉकअप ड्रायव्हर स्वतःच डेप्रिकेटेड आहे, त्याच्या जागी जीपीआयओ-सिम आला. पण सिम कायम डायनॅमिक क्रमांकच घेतो, त्यामुळे आपल्याला हवा असलेला आजार त्याच्यावर पिकत नाही.

क्यूएमूसाठी वेगळी रूट फाइल सिस्टिम बनवायचा कंटाळा असेल तर व्हर्टमी-एनजी हे साधन घ्या. तुमच्याच लॅपटॉपची फाइल सिस्टिम वापरून ते नवा कर्नल क्यूएमूत उठवते.

दुसरी पायरी: आधीची नोंद

कोडला हात लावण्याआधी आजचा लॉग जपून ठेवा. डीमेसेज -टी ही आज्ञा वेळेचे आकडे वगळून ओळी देते. तिचे उत्तर एका फाइलीत वळवून तिला 'आधी' असे काहीतरी नाव द्या. वेळेचे आकडे नसल्यामुळे नंतर दोन फाइलींचा डिफ, म्हणजे फरक, काढता येतो, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळीच दिसते.

इथे नवखे तीन ठिकाणी फसतात. एक, कमांड लाइनवर क्वाएट असेल तर कन्सोलवर इशारा दिसत नाही, पण तो कर्नलच्या लॉग बफरमध्ये असतोच. म्हणजे क्वाएट लावून इशारा 'मिटवला' असे समजणे म्हणजे डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची गोष्ट. दोन, बफर भरला की जुन्या ओळी पुसल्या जातात, आणि आपल्याला हव्या त्या ओळी सगळ्यात आधीच्याच असतात. बहुतेक ठिकाणी मूळ बफर १२८ केबीचा असतो; बडबड्या बोर्डावर लॉग_बफ_लेन=१एम द्या. तीन, डीमेसेजमध्ये दिसणारी प्रत्येक ओळ कर्नलचीच असते असे नाही. सिस्टिमडी, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम, सुरुवातीला त्याच बफरमध्ये लिहितो. डीमेसेज -एक्स लावले की प्रत्येक ओळीआधी ती कोणाची आणि कोणत्या पातळीची ते छापून येते. 'केर्न' आणि 'वॉर्न' हवे. 'डेमन' दिसले तर कर्नलचा सोर्स उघडायची गरज नाही, एखादी युनिट फाइल जुनी आहे.

गाळण्यासाठी डीमेसेज --लेव्हल=वॉर्न पुरत नाही, कारण काही जण अशा सूचना माहितीच्या पातळीवर छापतात. मी सरळ डेप्रिकेटेड, ऑब्सोलीट, लेगसी आणि 'विल बी रिमूव्हड' एवढे शब्द ग्रेपमध्ये शोधतो. सिस्टिमडी असलेल्या यंत्रावर जर्नलसीटीएल -के -बी -१ ने मागच्या बूटचाही लॉग मिळतो.

तिसरी पायरी: दुरुस्ती खरेच कोडमध्ये आहे का?

निम्मे इशारे इथेच निकालात निघतात. 'एलिव्हेटर= या पॅरामीटरचा आता काही परिणाम होत नाही' अशी ओळ आली तर ग्रब या बूटलोडरच्या फाइलीत कोणीतरी कधीतरी टाकलेला शब्द काढून टाकायचा, बस. एक्सएफएसचा इशारा डिस्कबद्दल आहे. इनिटआरडीचा इशारा तुमच्या इमेज बनवण्याच्या पद्धतीबद्दल आहे; तिथे इनिटरॅमएफएस वापरायची. या तिन्हींत सी भाषेची एक ओळही लिहावी लागत नाही.

आपला जीपीआयओचा इशारा मात्र ड्रायव्हरबद्दल आहे, म्हणून पुढे चला.

चौथी पायरी: वाक्याचा उगम शोधा

कर्नलच्या लेखनशैलीत एक चांगला नियम आहे. ओळी लांब झाल्या तर तोडा, पण वापरकर्त्याला दिसणारे वाक्य कधीही तोडू नका. तो आपल्यासारख्यांसाठीच आहे: वाक्य अखंड असले की ग्रेपमध्ये सापडते. आकडे आणि उपकरणाचे नाव वगळून मधला तुकडा घ्या आणि गिट ग्रेपला द्या. 'स्टॅटिक ॲलोकेशन ऑफ जीपीआयओ बेस' दिल्यावर तो ड्रायव्हर्स/जीपीआयओ/जीपीआयओलिब.सी ही फाइल दाखवेल.

तिथला कोड वाचा, मोठा नाही. चिप नोंदवताना ड्रायव्हरने दिलेला बेस शून्यापेक्षा लहान असेल तर गाभा स्वतः मोकळी जागा शोधतो. नसेल तर ड्रायव्हरचे ऐकतो, आणि कुरकुरतो.

मग गिट ब्लेम किंवा गिट लॉग -एस लावून ही ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते काढा आणि कमिटचा संदेश पूर्ण वाचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर सगळ्या कामातली सर्वांत किमती पाच मिनिटे हीच. त्या संदेशातून आणि आजूबाजूच्या कमिटमधून कळते की हा इशारा ६.२ मध्ये आला. पॅचच्या त्याच मालिकेत पिनांच्या एकूण संख्येवरची जुनी मर्यादा काढली गेली. डायनॅमिक क्रमांक पूर्वी वरून खाली दिले जात, आता ५१२ पासून वर दिले जातात. ० ते ५११ ही जागा हट्टी जुन्या ड्रायव्हरांसाठी तात्पुरती राखलेली आहे. म्हणजे तुमचा इशारा हा एका मोठ्या आवराआवरीचा भाग आहे.

पाचवी पायरी: क्रमांकाचा रोग समजून घ्या

इथे थोडे थांबू, कारण हे समजले नाही तर पुढची दुरुस्ती आंधळी होते.

पूर्वी कर्नलमध्ये प्रत्येक जीपीआयओ पिनेला सगळ्या यंत्रात मिळून एकच क्रमांक असायचा. बीगलबोनच्या प्रोसेसरमध्ये ३२ पिनांचे चार गट आहेत. पहिल्या गटाला ० ते ३१, दुसऱ्याला ३२ ते ६३, असे पुढे. म्हणून हार्डवेअरच्या कागदात जिला गट १ ची २८ वी पिन म्हणतात, ती ३२ अधिक २८, म्हणजे ६० व्या क्रमांकाची. इंटरनेटवरच्या असंख्य बीगलबोन उदाहरणांत हा ६० दिसतो तो असा.

अडचण कुठे? चार चाळींना मिळून खोल्यांचे सलग क्रमांक दिले आणि मग मधे पाचवी चाळ उभी राहिली, तशी. यूएसबीवरून किंवा आय२सीवरून जोडलेली आणखी एक चिप आली की तिला कुठला क्रमांक द्यायचा? दोन ड्रायव्हरांनी एकच क्रमांक मागितला तर दुसऱ्याची नोंदणीच फसते. यावर कर्नलचे उत्तर जुने आहे: क्रमांकाने हाक मारूच नका. 'अमुक चिपची तमुक पिन' असे सांगा आणि त्या बदल्यात डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या पिनेची कर्नलने दिलेली खूण, घ्या. एकदा सगळे डिस्क्रिप्टर वापरू लागले की बेस ० आहे की ५१२, कोणाला फरक पडत नाही.

फरक पडतो तो अजूनही क्रमांकाने हाक मारणाऱ्यांना. ते शोधणे हेच खरे काम.

सहावी पायरी: कोण कोणाच्या भरवशावर उभे आहे

आधी इशारा देणारा ड्रायव्हर नक्की करा. डीबगएफएस ही कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टिम माउंट करून /सिस/कर्नल/डीबग/जीपीआयओ ही फाइल वाचली की प्रत्येक चिपचे क्रमांक, पालक उपकरण आणि लेबल एका ओळीत मिळते. कोणती पिन कोणी धरली आहे तेही तिथेच. हे सगळे 'आधी'च्या फाइलीला जोडून ठेवा.

मग ड्रायव्हरमध्ये बेस कुठून येतो ते पाहा. नेहमीचे प्रकार तीन. आय.एमएक्सचा ड्रायव्हर डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डावर काय कुठे आहे ते सांगणारी डेटा फाइल) एलियस क्रमांक घेऊन त्याला ३२ ने गुणतो. ओमॅप या प्रोसेसर कुटुंबाचा जुना ड्रायव्हर एक स्टॅटिक चल ठेवून प्रत्येक गटागणिक त्यात गटाची रुंदी मिळवत जाई. आणि काही ठिकाणी बोर्ड फाइल (बोर्डाचे तसेच वर्णन, पण सी कोडमध्ये) प्लॅटफॉर्म डेटातून आकडा पाठवते.

आता दुसरी बाजू. खालच्या गोष्टी पूर्ण सोर्समध्ये शोधा, पण फक्त तुमच्या चिपशी संबंध असलेल्या बोर्ड आणि ड्रायव्हरांपुरत्या: जीपीआयओ_रिक्वेस्ट, जीपीआयओ_टू_आयआरक्यू, ऑफ_गेट_नेम्ड_जीपीआयओ, आणि लिनक्स/जीपीआयओ.एच ही हेडर आत ओढणाऱ्या फाइली. ती हेडर दिसली की समजा, तिथे कोणीतरी क्रमांकावर जगते आहे. पिनकंट्रोलचे पिन्सीटीआरएल_ॲड_जीपीआयओ_रेंज हे फंक्शनही पाहा. त्याच्या रेंजमध्येही सर्वव्यापी क्रमांक दडलेला असतो. आर्म/मॅक-ओमॅप१ सारख्या जुन्या बोर्डांच्या डिरेक्टऱ्या विसरू नका. डिव्हाइस ट्रीतली रीसेट-जीपीआयओज अशी नोंद मात्र निर्धोक आहे, कारण ती चिप आणि पिन असेच सांगते.

वर म्हटलेली २०२३ ची गोष्ट इथेच घडली. कर्नल ६.४ च्या तयारीत ओमॅपच्या ड्रायव्हरमधला बेस डायनॅमिक झाला. नवे बोर्ड डिव्हाइस ट्रीवर चालतात, त्यांना काहीच झाले नाही. पण ओमॅप१ चे बोर्ड अजून बोर्ड फाइलींवर होते. २००५ साली आलेली नोकिया ७७० ही टॅब्लेट त्यांतलीच. तिच्या बोर्ड फाइलीत उपकरणांचे इंटरप्ट ठरलेल्या जीपीआयओ क्रमांकांवरून आधीच नेमून दिलेले होते. क्रमांक हलले आणि इंटरप्टचे धागे तुटले. मग जीपीआयओ विभागाचे सांभाळकर्ते लायनस वॉलेय यांनी पॅचची एक लांब माळ लिहून टचस्क्रीन, मेमरी कार्ड, सिरियल पोर्ट, पॉवर चिप असे एकेक ग्राहक, म्हणजे पिना वापरणारा कोड, डिस्क्रिप्टरवर आणले. हे टोरवाल्ड्स नव्हेत बरे. दोन लायनसांमुळे नवखे हमखास गोंधळतात.

ड्रायव्हरमधला बदल चूक नव्हता, क्रम उलटा झाला. म्हणून तुमच्या मालिकेत ग्राहक आधी, ड्रायव्हर शेवटी.

कर्नलबाहेरचे ग्राहक तर आणखी लपलेले. सिसएफएस, म्हणजे कर्नलच्या गोष्टी फाइलींसारख्या दाखवणारी फाइल सिस्टिम, वापरून ते क्रमांकाने पिना हलवतात; म्हणून रूट फाइल सिस्टिमवर 'क्लास/जीपीआयओ' हा तुकडा ग्रेप करा. एखाद्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ६० हा आकडा एक्स्पोर्टच्या फाइलीत लिहिणारी ओळ सापडली तर आश्चर्य मानू नका.

सातवी पायरी: ग्राहक डिस्क्रिप्टरवर आणा

बोर्ड डिव्हाइस ट्रीवर असेल तर काम हलके आहे. ड्रायव्हरमध्ये ऑफ_गेट_नेम्ड_जीपीआयओ आणि त्यानंतरची विनंती काढून एकच डेव्हएम_जीपीआयओडी_गेट लिहा. नाव देताना शेपूट गाळायचे: नोंद रीसेट-जीपीआयओज असेल तर मागायचे फक्त 'रीसेट'.

बोर्ड फाइल असेल तर लुकअप तक्ता लिहावा लागतो. त्यात उपकरणाचे नाव, आणि प्रत्येक पिनेसाठी चिपचे लेबल, चिपमधला क्रमांक, कामाचे नाव आणि ध्रुवता. उदाहरणार्थ 'जीपीआयओ-०-१५' या लेबलच्या चिपची १५ वी पिन, काम 'पेनडाउन', ॲक्टिव्ह लो. लेबलमध्ये किंवा उपकरणाच्या नावात एका अक्षराचीही चूक चालत नाही. चिपचे लेबल चुकले तर चूक म्हणून ओरडाही होत नाही. कर्नलला वाटते की ती चिप अजून यायची आहे, आणि तो वाट पाहत बसतो. तुमचे उपकरण उगवत नसेल तर डीबगएफएसमधली डिव्हाइसेस_डिफर्ड ही फाइल बघा. त्याचे नाव तिथे ताटकळत असेल.

ध्रुवतेबद्दल दोन वाक्ये जास्त. जुन्या फंक्शनांत ० लिहिले की पिनेवर खरोखर ० येई. जीपीआयओडी_सेट_व्हॅल्यू मात्र तर्कातले मूल्य घेते. तक्त्यात ॲक्टिव्ह लो लिहिले असेल तर १ म्हणजे 'रीसेट लावा' आणि पिनेवर जातो ०. क्रमांक बदलला पण मूल्ये तशीच ठेवली, तर चिप कायम रीसेटमध्येच राहते आणि तुम्ही दिवसभर आय२सीला दोष देता. मी दिला आहे.

आठवी पायरी: ती एक ओळ

आता ड्रायव्हरमध्ये चिपचा बेस -१ करा. स्टॅटिक चल किंवा एलियसचा गुणाकार दुसऱ्या कशासाठी लागत नसेल तर तोही काढा. लागतो का ते मात्र नीट पाहा. ओमॅपमध्ये तेच चल लेबल बनवायलाही वापरलेले होते, आणि लुकअप तक्ते लेबलवर उभे असतात.

इथला ठरलेला खड्डा सांगतो, कारण मीही त्यात पडलो होतो. 'बेस खिळवू नको म्हणताय ना, मग ती ओळच उडवतो' असे वाटते. पण चिपची रचना केझेडॲलॉकने आलेली असते, म्हणजे शून्यांनी भरलेली. ओळ उडवली की बेस शून्य होतो. शून्य हा चांगला, वैध, स्टॅटिक क्रमांक आहे! इशारा तसाच राहतो, आणि दुसरी चिप शून्यच मागते म्हणून आपटते. -१ हे स्पष्ट लिहावेच लागते.

आणि हो, स्वतःच्या कर्नल सोर्समध्ये जीपीआयओलिबमधली इशारा छापणारी डेव्ह_वॉर्नची ओळ पुसून बोर्ड गिऱ्हाइकाला पाठवणारेही असतात. पुढचा कर्नल घेताना ते पुन्हा इथेच येऊन पोचतात.

पूर्ण कर्नल बांधण्याआधी फक्त ती एक ऑब्जेक्ट फाइल मेक डब्ल्यू=१ लावून बांधा. मग स्क्रिप्ट्समधला, पॅचची लेखनशैली तपासणारा चेकपॅच चालवा. तो फुटकळ जागांवरूनही कुरकुरतो, पण पहिल्या पॅचला त्याचे ऐकलेले बरे.

नववी पायरी: पुन्हा बूट, पुन्हा नोंद

'नंतर'ची फाइल करा आणि 'आधी'शी डिफ लावा. इशाऱ्याच्या ओळी गेल्या का, एवढेच पाहू नका. नवे काय आले, आणि आधी असलेले काय गेले, ते पाहा. 'टचस्क्रीन सापडली' ही ओळ गेली असेल तर इशारा जाऊन उपयोग काय? डीबगएफएसच्या जीपीआयओ फाइलीतही आधी धरलेल्या सगळ्या पिना त्याच नावाने धरलेल्या दिसल्या पाहिजेत. आकडे फक्त ५१२ च्या पुढे गेलेले असतील.

५१२ अधिक जुना क्रमांक हे सूत्र मात्र कुठे लिहून ठेवू नका. चिपा ज्या क्रमाने नोंदल्या जातात त्या क्रमाने क्रमांक मिळतात, आणि तो क्रम कर्नलच्या आवृत्तीबरोबर बदलू शकतो. रास्पबेरी पायवाल्यांनी हे अनुभवले आहे. त्यांच्या ६.६ कर्नलपासून सिसएफएसमध्ये १७ व्या पिनेचा क्रमांक ५२९ झाला आणि जुन्या स्क्रिप्टी गपकन थांबल्या. पुष्कळांनी १७ खोडून ५२९ लिहिले. म्हणजे दुखणे तसेच ठेवून पट्टी बदलली.

बरोबर उपाय वेगळा आहे. सिसएफएसचा जीपीआयओ मार्ग ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून जुना ठरलेला आहे. त्याच्या जागी /डेव्ह/जीपीआयओचिप० अशी कॅरॅक्टर डिव्हाइस आहेत, आणि लिबजीपीआयओडी या लायब्ररीची साधने त्यांच्याशी बोलतात. जीपीआयओडिटेक्ट चिपा दाखवते, जीपीआयओइन्फो पिना, जीपीआयओगेट वाचते, जीपीआयओसेट लिहिते. डिव्हाइस ट्रीमध्ये जीपीआयओ-लाइन-नेम्स भरून ठेवले तर पिन नावाने शोधता येते आणि चिप०, चिप१ हा घोळही संपतो. स्क्रिप्ट लिहिताना लिबजीपीआयओडीची आवृत्ती १ आहे की २ ते पाहून घ्या, आज्ञांची धाटणी बदललेली आहे. आणि जीपीआयओसेट संपले की पिन सुटते, हे सिसएफएसची सवय असलेल्यांना पहिल्यांदा खटकते. दिवा पेटता ठेवायचा तर आज्ञा चालू राहिली पाहिजे. खरे तर दिवा असेल तर तो एलईडी ड्रायव्हरकडेच द्यावा.

दहावी पायरी: पॅच पाठवणे

एका पॅचमध्ये एकच बदल. ग्राहकांचे पॅच आधी, ड्रायव्हरचा शेवटी, आणि मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल बांधला गेला पाहिजे आणि बूट झाला पाहिजे. नाहीतर पुढे बिघाड कोणत्या कमिटमध्ये आला ते गिट बायसेक्टने शोधणारा तुम्हाला शिव्या देईल. ड्रायव्हरच्या पॅचच्या संदेशात इशाऱ्याची ओळ जशीच्या तशी चिकटवा, म्हणजे तीच ओळ शोधणाऱ्या पुढच्या माणसाला तुमचे कमिट सापडेल. हा इशारा म्हणजे बग नव्हे, म्हणून 'फिक्सेस' हा टॅग लावायची घाई नको. त्या टॅगने पॅच जुन्या स्थिर कर्नलांत ओढला जाण्याची शक्यता वाढते, आणि तिथे क्रमांक हलणे म्हणजे कोणाच्या तरी चालत्या गाड्याला खीळ.

गेट_मेंटेनर स्क्रिप्टला पॅच दिला की कोणाला पाठवायचे ती यादी मिळते. जीपीआयओसाठी तीत वॉलेय आणि बार्तोश गोलाशेव्स्की ही नावे दिसतील. साइन्ड-ऑफ-बाय विसरू नका. स्वतःचे ओळखीचे नाव (निनावी चालत नाही), आणि ज्या पत्त्यावरून पाठवणार तोच ईमेल पत्ता.

उत्तरात पहिला प्रश्न बहुधा एकच येतो: कोणत्या बोर्डावर चालवून पाहिले? तो येण्याआधीच संदेशात लिहून टाका. 'बीगलबोन ब्लॅकवर बूट करून पाहिले. ओमॅप१ चे फक्त कंपाइल केले, बोर्ड माझ्याकडे नाही.' एवढे प्रामाणिक वाक्य वाचून ज्याच्या कपाटात तो जुना बोर्ड पडून आहे असा कोणीतरी तो बाहेर काढतो आणि तुमच्यासाठी बूट करून पाहतो.